पुण्यात पहिली नोकरी, हातात वीस हजार: पहिल्या वर्षाची मांडणी

आठ वर्षांपूर्वी औशाजवळच्या एका गावातून मी नोकरीसाठी पुण्यात आलो, तेव्हा खिशात सहा हजार रुपये होते आणि ते महिनाभर पुरतील असा माझा प्रामाणिक समज होता. ते अकराव्या दिवशी संपले. गेल्या वर्षी धाकटा भाऊ त्याच वाटेने आला, तेव्हा आम्ही दोघांनी वही घेऊन सगळा हिशेब आधी मांडला, आणि त्याचे पहिले वर्ष माझ्यापेक्षा पुष्कळ सुखाचे गेले. खालचे आकडे बहुतेक त्याच्या वहीतले आहेत. तुमच्या पेठेत किंवा उपनगरात ते थोडे कमी-जास्त असतील, परंतु खर्चाचा क्रम फारसा बदलणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कमी पगारात राहणाऱ्याला चहा सोडण्याचा सल्ला सगळे देतात, पण दोन कटिंग वाचवून कोणाचा महिना सावरलेला मी पाहिलेला नाही. खोली कुठे घेतली, अनामत किती अडकली, जेवणाची व्यवस्था कशी ठरली आणि पहिल्या सहा महिन्यांत कर्ज काढले का, या चार गोष्टींवर महिन्याचे गणित ठरते. आणि या चारही गोष्टी बहुतेक जण पहिल्या पंधरा दिवसांत, घाईघाईने ठरवून मोकळे होतात.

१. ऑफर लेटरवरचा आकडा आणि हातातला पगार वेगळे मोजा

भावाच्या ऑफर लेटरवर वर्षाला ३ लाख २० हजार असा आकडा होता, म्हणजे महिन्याला २६,६६७ रुपये. घरी पेढे वाटले गेले ते याच आकड्यावर. प्रत्यक्षात त्यात कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी (पीएफ) १,३२०, ग्रॅच्युइटीची, म्हणजे बरीच वर्षे काम करून नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूद ५२९, गट विम्याचा हप्ता ४१८ आणि वर्षाअखेरीस कामगिरी पाहून मिळणारे, म्हणजे मिळालेच तर मिळणारे, महिन्याला २,४०० रुपये धरलेले होते. उरलेल्या २२,००० मधून ११,००० च्या मूळ वेतनावर १२ टक्क्यांनी त्याच्या वाट्याचे पीएफचे १,३२० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले गेले, तेव्हा खात्यात २०,४८० रुपये आले.

व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो, म्हणून त्या महिन्यात पगार शंभराने कमी आला तर गोंधळून जाऊ नका. ज्या महिलांचा महिन्याचा पगार २५,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना महाराष्ट्रात हा कर लागू नाही. तरीही तो कापला जात असेल तर पगारपत्रक घेऊन मनुष्यबळ विभागाकडे जा.

नोकरीवर रुजू होण्याआधी एका साध्या ई-मेलने तीन प्रश्न विचारा: हातात नेमके किती येतील, पगार कोणत्या तारखेला होतो आणि महिन्याच्या कोणत्या तारखेनंतर रुजू झाल्यास तो पगार पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. तिसरा प्रश्न फार कमी जण विचारतात. वीस-बावीस तारखेनंतर रुजू होणाऱ्यांचे ते आठ-दहा दिवस अनेक ठिकाणी पुढच्या महिन्याच्या पगारात धरले जातात, म्हणजे पहिला पैसा हातात यायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात.

२. पहिला पगार होईपर्यंतचे पैसे आधी जमवा

भावाचा पहिल्या महिन्याचा खर्च असा झाला: खोलीतल्या एका कॉटची अनामत ९,०००, पहिले भाडे ४,५००, मेसचे आगाऊ ३,०००, गादी, बादली, कुलूप, चादर आणि एक टेबलफॅन मिळून २,५००, येण्याजाण्याचे १,५००, झेरॉक्स आणि फोटो ५००, आणि फोन, नाश्ता, सटरफटर मिळून २,५००. एकूण २३,५०० रुपये. म्हणून निघताना पंचवीस ते तीस हजार रुपये जवळ असावेत, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. ही रक्कम घरातून किंवा नातेवाइकांकडून घेतली असेल तर ती किती महिन्यांत, कितीच्या हप्त्याने परत करणार हे त्याच दिवशी बोलून घ्या. मामाकडून घेतलेले पैसे मोबाइलवरच्या कर्जापेक्षा केव्हाही बरे, पण मामालाही तारीख सांगितलेली आवडते.

३. कागदपत्रे गावातूनच दुरुस्त करून आणा

बरोबर ठेवायची कागदपत्रे ही:

– आधार कार्ड आणि पॅन कार्ड, दोन्ही एकमेकांना जोडलेली
– दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, मूळ आणि प्रत्येकी चार छायाप्रती
– ऑफर लेटर आणि नंतर नियुक्तिपत्र
– बँक पासबुकाचे पहिले पान किंवा रद्द केलेला धनादेश
– पासपोर्ट आकाराचे किमान दहा फोटो
– रेशन कार्डाची प्रत
– आधीची नोकरी असल्यास यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक

खरी अडचण नावाची होते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर बहुधा नाव आधी असते, पॅनवर कधी वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर असते, आणि एखाद्या ठिकाणी आडनावातली वेलांटी इंग्रजीत दोन तऱ्हांनी उतरलेली असते. पीएफच्या खात्याला आधारवरचे नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळावी लागते, आणि न जुळल्याचे बहुतेकांना पैसे काढायची वेळ आल्यावरच कळते. गावाकडे असतानाच आधार केंद्रावर जाऊन नाव एकसारखे करून घ्या. पुण्यात यासाठी अर्धा दिवसाची रजा जाते.

सगळ्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये ठेवा. मूळ गुणपत्रिका तपासणीसाठी दाखवा, पण ‘जमा’ म्हणून कोणाकडेही ठेवू नका. नोकरी देण्यासाठी नोंदणी किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्याशी तिथेच बोलणे थांबवावे.

४. खोली: भाड्याबरोबर अंतराचीही किंमत लावा

पुण्यात एकट्याने नव्याने येणाऱ्यापुढे साधारण तीन पर्याय असतात. पहिला कॉट बेसिस, म्हणजे एका खोलीत तीन-चार कॉट आणि आपण एका कॉटचे भाडे द्यायचे. दुसरा पीजी, ज्यात जेवण आणि साफसफाई धरलेली असते, पण जेवलात न जेवलात तरी पैसे जातात. तिसरा, तीन-चार जणांनी मिळून फ्लॅट घेणे. तो दर डोई स्वस्त पडू शकतो, पण त्यात अनामत मोठी, करार स्वतःच्या नावावर आणि एकाने मध्येच खोली सोडली की त्याचे भाडे उरलेल्यांच्या डोक्यावर येते. पहिले सहा महिने कॉट बेसिसवर काढावेत, शहर आणि माणसे दोन्ही ओळखीची होऊ द्यावीत आणि मग फ्लॅटचा विचार करावा, असे माझे मत आहे.

मी स्वतः पहिल्या वर्षी हजार रुपये वाचवण्यासाठी कामापासून फार लांब खोली घेतली. रोज दोन बस बदलून पावणेदोन तास एका बाजूला जात होते, रात्री उशीर झाला की शेअर रिक्षा करावी लागत होती आणि थकून आल्यावर मेस बंद झालेली असल्याने बाहेर खावे लागत होते. वाचलेले हजार रुपये तिथेच जात होते आणि वर झोपही जात होती. कामाच्या ठिकाणी एका बसने किंवा मेट्रोने जाता येईल अशी खोली पाचशे-सातशेने महाग असली तरी घ्यावी.

खोली पाहायला संध्याकाळी जा, म्हणजे पाणी, अंधार आणि शेजार तिन्ही कळतात. विचारायचे प्रश्न ठरलेले ठेवा: पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, वीज बिल कसे वाटतात, रात्री दार किती वाजता बंद होते, पाहुणा एक रात्र राहिला तर चालते का, आणि खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचे.

विजेचा प्रश्न किरकोळ समजू नका. दोन हजार वॉटचा गिझर पंधरा मिनिटे चालला तर अर्धा युनिट जाते. पाच जणांनी रोज तेवढाच वापरला तरी महिन्याला पंचाहत्तर युनिट केवळ आंघोळीला लागतात. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपुढे दर एकदम चढतो, त्यामुळे एकाच मीटरवर आठ जण असलेल्या घरात प्रत्येकाच्या वाट्याला चढा दर येतो. काही मालक सब-मीटर लावून स्वतःच्या मनाने युनिटचा दर ठरवतात. तो दर भाडे ठरवतानाच विचारून घ्यावा.

आणखी एक सापळा ऑनलाइन जाहिरातींचा आहे. फ्लॅटचे सुंदर फोटो, भाडे बाजारभावाच्या निम्मे, मालक म्हणे सैन्यात असून त्याची बदली झालेली, आणि खोली दाखवण्याआधी ‘गेट पास’ किंवा टोकन म्हणून काही हजार पाठवायचे. कुलूप उघडून खोली पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

५. करार आणि अनामत

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद निर्माण झाला, तर उलट काही सिद्ध होईपर्यंत अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, असेही त्याच कलमात आहे. मालकाशी भांडण्यासाठी हे सांगत नाही. परंतु ‘आमच्याकडे कराराची पद्धत नाही’ असे कोणी म्हणाले तर पद्धत कायद्याने ठरलेली आहे, एवढे तुम्हाला ठाऊक असावे.

ही नोंदणी आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क हे मुदतीतले एकूण भाडे आणि अनामतीवरचे १० टक्के दराने धरलेले मानीव व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये असते. साध्या फ्लॅटसाठी शासनाकडे जाणारी रक्कम दोन हजारांच्या आसपास राहते. त्यावर एजंट जे मागतो ती त्याची मजुरी, आणि ती घासाघीस करून कमी होते. कोणी किती भरायचे हे आधी ठरवा. कॉट बेसिसवर मालक सहसा करार करत नाहीत. तिथे निदान अनामतीची सही असलेली पावती घ्यावी, पोलिस ठाण्याकडे द्यायची भाडेकरूची माहिती मालकाने दिली का ते विचारावे आणि पैसे रोख न देता खात्यावर पाठवावेत, म्हणजे नोंद राहते.

करारात तीन ओळी शोधून वाचा: लॉक-इनचा काळ (ज्यात खोली मध्येच सोडता येत नाही), सूचनेचा काळ आणि रंगरंगोटीचा खर्च. माझ्या पहिल्या मालकांनी खोली सोडताना रंगाचे म्हणून सहा हजार कापून घेतले. भिंतीवरचे ओलीचे डाग मी येण्याआधीपासून होते, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हते. भाऊ राहायला गेला त्या दिवशी आम्ही भिंती, नळ, पंखा आणि खिडक्यांचे बारा फोटो काढून मालकांना तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यांना ते जरा विचित्र वाटले, पण त्यांनी उत्तरात होकाराचा अंगठा पाठवला, आणि तेवढी नोंद पुरेशी आहे.

६. जेवण: मेस, डबा आणि एक लहान कुकर

पुण्यातली मेस ही स्वतंत्र संस्था आहे आणि तिचे काही अलिखित नियम आहेत. रविवारी दुपारी गोडधोड असते आणि संध्याकाळी चूल बंद असते. म्हणजे महिन्यात चार-पाच संध्याकाळी तुमचे जेवण तुम्हालाच पाहायचे असते, आणि नेमके त्याच संध्याकाळी बाहेरच्या खाण्यावर सर्वांत जास्त पैसे जातात. मेस लावण्याआधी आठवडाभर सुट्या थाळीवर तीन-चार ठिकाणी जेवून पाहा. नंतर विचारा की खाडे धरतात का. काही ठिकाणी सलग चार-पाच दिवस गावी गेलात तरच खाडा मिळतो, काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगितले की एकेक वेळही वजा होते, आणि काही ठिकाणी महिन्याचे पैसे म्हणजे महिन्याचे पैसे. शिफ्टमध्ये काम असणाऱ्याने कूपनची मेस शोधावी, कारण त्यात जेवलेल्या वेळेचेच पैसे जातात.

डबा घेणार असाल तर फुल डब्याऐवजी पोळी-भाजीचा हाफ डबा घेऊन वरण-भात स्वतः लावण्याचा मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो. त्यासाठी तीन लिटरचा कुकर, एक इंडक्शन शेगडी, एक कढई, चाकू आणि चार डबे एवढेच लागते. इंडक्शन पूर्ण ताकदीवर अर्धा तास चालली तर साधारण एक युनिट जाते. वरण-भाताला तेवढा वेळही लागत नाही. मालक विजेच्या शेगडीला नको म्हणत असतील आणि गॅसला हरकत नसेल, तर पाच किलोचा लहान सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे तो घरगुती मोठ्या सिलिंडरपेक्षा महाग पडतो, पण मोठ्यातून लहान सिलिंडर भरून देणाऱ्या दुकानाकडे जाऊ नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय बंद खोलीत ते फार धोक्याचे आहे.

सुटीच्या दिवशी पाव किलो मटकी भिजवून, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून मोड आणले, की दोघांची दोन वेळची उसळ होते. भिजवलेले शेंगदाणे, उकडलेली अंडी, भाजलेले फुटाणे आणि गूळ हा नाश्ता बाहेरच्या पोह्यांपेक्षा स्वस्त आहे आणि जास्त वेळ पोट धरतो. घरची शेती असेल तर ज्वारी, तूर डाळ आणि शेंगदाण्यांचे कूट गावाकडून आणण्यात कसलाही कमीपणा नाही. आमच्या खोलीत आईने पाठवलेल्या शेंगदाणा चटणीच्या बरणीवरून दोन पदवीधरांचे भांडण झालेले आहे.

भाजी घ्यायला महात्मा फुले मंडईत किंवा घराजवळच्या शेतकरी आठवडे बाजारात बाजार उठायच्या वेळी जावे, तेव्हा भाव उतरतो. गुलटेकडीचे मार्केट यार्ड एकट्या माणसासाठी नाही. तिथे दहा किलो कांदे स्वस्त मिळतात आणि त्यातले चार किलो कुजतात. चार खोल्या मिळून जात असाल तरच तिकडचा फेरा परवडतो.

मोबाइलवरून जेवण मागवण्याविषयी एवढेच सांगतो की पदार्थाची किंमत, पोहोचवण्याचे पैसे, प्लॅटफॉर्म शुल्क आणि कर अशी बेरीज एकदा वहीत लिहून पाहा. आमच्या वहीत ती एका वेळेला मेसच्या चार वेळांएवढी निघाली.

७. येणे-जाणे: पास काढण्याआधी गुणाकार करा

जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पीएमपीएमएलचे, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शहर बसचे, भाडे पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३० असे आहे. दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दिवसाचा पास ७० रुपयांचा आणि महिन्याचा १,५०० रुपयांचा झाला. आता बारा किलोमीटरवर कामाला जाणाऱ्याला एका थेट बसने दिवसाला ६० रुपये लागतात, चोवीस दिवसांचे १,४४० होतात, म्हणजे त्याला पास परवडत नाही. ज्याला दोन बस बदलाव्या लागतात किंवा सुटीच्या दिवशीही फिरायचे असते त्याला तो परवडतो. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मेट्रोच्या दोन मार्गांजवळ खोली आणि काम दोन्ही असेल, तर बसच्या गर्दीपेक्षा थोडे जास्त देऊन वेळ वाचतो.

पहिल्याच दिवाळीला हप्त्यावर दुचाकी घेण्याचा मोह होतो. रोज चोवीस किलोमीटरला पेट्रोल साधारण पासाएवढ्याच पैशांत बसते, त्यामुळे ‘बसचेच पैसे हप्त्याला जातील’ असा हिशेब लोक करतात. तो चुकतो, कारण पेट्रोलवर हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग आणि दंड हे सगळे वरून येते. मात्र ज्याची शिफ्ट मध्यरात्री सुटते आणि कंपनीची गाडी नाही, त्याने जुनी, कागदपत्रे पूर्ण असलेली गाडी रोखीने घ्यावी. रोजची रात्रीची रिक्षा त्याहून महाग पडते.

गावी जाण्याचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला मांडा. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, आणि दिवाळीची तिकिटे पहिल्याच दिवशी संपतात. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून भाड्यात ५० टक्के सवलत आहे. खाजगी ट्रॅव्हल्सना एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेता येत नाही असा शासनाचा निर्णय २०१८ चा आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री तो किती पाळला जातो हे स्टँडवर उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

८. पगाराच्या दिवशी पैसे वेगळे करा

भावाचा महिना असा बसला: खोली ४,५००, विजेचा वाटा ३००, मेस ३,०००, नाश्ता आणि रविवारची संध्याकाळ १,८००, येणे-जाणे १,५००, फोन ३००, घरी ३,०००, साबण, केस कापणे, औषधे असे ८००. बेरीज १५,२००. उरलेल्या ५,२८० पैकी २,००० आवर्ती ठेवीत, १,००० सणवार, कपडे, बूट आणि गावच्या प्रवासासाठी वेगळे, १,५०० मित्र आणि मौज यांसाठी, आणि ७८० मोकळे.

हे मोडू नये म्हणून दोन खाती ठेवा. पगाराच्या खात्यावर यूपीआय लावूच नका. दुसऱ्या साध्या खात्यात दर सोमवारी आठवड्याची रक्कम टाका आणि मोबाइलवरचे सगळे व्यवहार त्यातूनच करा. शुक्रवारीच ते खाते रिकामे झाले तर निदान तेवढ्यावरच थांबते. मात्र नोकरी बदलल्यावर जुने पगार खाते अनेक बँकांत साधे बचत खाते होते आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड लागू होतो. ते वेळेवर बंद करा.

पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडता येते. बँकेतल्या ठेवींना एका ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पण पतसंस्थेतल्या ठेवींना तो विमा नाही. जास्त व्याजाचा फलक पाहून पतसंस्थेत पैसे ठेवण्याआधी हा फरक आठवावा. ऑफिसातली भिशी ओळखीच्या माणसांत, लहान रकमेची असेल तरच लावा.

९. घरी पाठवायच्या पैशांविषयी स्पष्ट बोला

या विषयावर आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही, म्हणून थोडे थांबतो. घरच्यांनी ऐकलेला आकडा २६,६६७ असतो आणि तुमच्या हातात २०,४८० असतात. मधले सहा हजार तुम्ही उडवता, असा त्यांचा समज होतो. पहिले पगारपत्रक वडिलांना दाखवा आणि कपातीच्या ओळी समजावून सांगा. दर महिन्याला ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला पाठवा, मग ती दोन हजार असली तरी चालेल. मागितले की पाठवायचे अशी सवय लागली, तर खतांच्या वेळी, लग्नसराईत आणि शाळा उघडताना तुमचे गणित कोसळते आणि नाही म्हणताना मनाला लागते ते वेगळेच. ठरलेली रक्कम असली की जास्तीची गरज ही स्वतंत्र चर्चा होते, आणि ती अधिक समजुतीने होते.

१०. उधारीचे तीन दरवाजे

मोबाइलवरचे झटपट कर्ज, क्रेडिट कार्ड आणि हप्त्यावरचा फोन, असे हे तीन दरवाजे आहेत. कर्ज देणारे ॲप कोणत्या बँकेचे किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेचे आहे हे त्यावर स्पष्ट लिहिलेले नसेल, किंवा ते तुमच्या फोनमधले संपर्क आणि फोटो पाहण्याची परवानगी मागत असेल, तर ते तत्काळ काढून टाका. हप्ता चुकल्यावर तेच फोटो आणि तेच संपर्क वापरून धमकावल्याचे प्रकार घडलेले आहेत. क्रेडिट कार्डाचे ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरले की दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होते आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. पूर्ण बिल भरता येत नसेल तर कार्ड कपाटात ठेवावे. बिनव्याजी हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी लपलेला असतो.

११. आजारपण

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना कर्मचारी राज्य विमा कायद्यात येत असेल तर ०.७५ टक्का कापून हा विमा मिळतो. त्याचे कार्ड आणि ठरलेला दवाखाना पहिल्याच महिन्यात माहीत करून घ्या. त्यापुढे पगार असेल तर कंपनीच्या गट विम्याची प्रत मागा. बँकेत अर्ज करून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा, या केंद्राच्या दोन योजना सुरू करता येतात. दोन्हींचे पैसे मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून जातात, तेव्हा खाते रिकामे ठेवू नका. औषधांसाठी जवळचे जनऔषधी केंद्र पाहून ठेवा आणि डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा.

१२. रविवार

महिन्याचे दीड हजार मौजेसाठी मुद्दाम ठेवले आहेत, ते वाचवू नका. जो पोरगा सहा महिने सगळे वाचवतो तो सातव्या महिन्यात एका फेरीत सगळे उडवतो, हे मी माझ्यावरून सांगतो. पुण्यात फुकट आणि स्वस्त पुष्कळ आहे. वेताळ टेकडी आणि पर्वती पहाटे आपलीच असतात. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत बस जाते आणि वर पिठले-भाकरी मिळते. लक्ष्मी रस्त्यावरचे पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून चालू आहे, आणि ग्रंथालयांच्या दिवाळी अंक योजनेत थोड्या पैशांत महिनोन्‌महिने अंक वाचायला मिळतात. स्पर्धा परीक्षेची किंवा संगणकाची जुनी पुस्तके अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीला मिळतात. खोलीत वाद्य वाजवणारा एक जण असला तर रविवार संध्याकाळचा प्रश्न सुटतो, मेस बंद असली तरी.

१३. खोली सोडताना

सूचना लेखी द्या, निदान व्हॉट्सॲपवर, आणि उत्तर येईपर्यंत मागे लागा. ‘शेवटचे भाडे अनामतीतून धरा’ असे दोन्ही बाजूंनी आधी ठरले तर अडकणारी रक्कम कमी होते. मालक तयार नसतील तर किल्ली देण्याच्या दिवशीच पैसे खात्यावर घेण्याचे ठरवा. पहिल्या दिवशीचे बारा फोटो उघडून, मालकांबरोबर खोलीत फिरून, विजेच्या मीटरचा आकडा दोघांनी लिहून घ्या. मेसच्या काकूंचे पैसे आदल्या दिवशी चुकते करा आणि शिल्लक खाडे वजा करायला विसरू नका. नोकरीही बदलत असाल तर पीएफ काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करा. बँकेतला पत्ता त्याच आठवड्यात बदला, नाहीतर नवे एटीएम कार्ड जुन्या खोलीवर जाते आणि ते आणायला पुन्हा त्याच दोन बस बदलाव्या लागतात.